तयार खुराडं: एक उन्हाळा आणि एक कोकणी पावसाळा काढल्यावर

सहा बाय चार फुटांचं लोखंडी खुराडं, जमिनीपासून दीड फूट उचललेलं, वर पत्रा, बाजूला अंडी घालायची दोन खणांची पेटी. वाहतूक धरून अठरा हजारांच्या आसपास पडलं. फेब्रुवारीत मागीलदारी बसवलं. चिपळूणकडचा अख्खा पाऊस त्याने झेलला, आता लिहायला हरकत नाही.

विक्रेता सांगतो, १५ पक्षी मावतात. मावतात, रात्री दांडीवर एकमेकींना चिकटून. गादी पद्धतीत, म्हणजे तळाला तूस अंथरून कोंबड्या मोकळ्या ठेवतात त्यात, अंड्यावरच्या मोठ्या कोंबडीला साधारण २ चौरस फूट जागा धरतात. त्या हिशेबानेही २४ चौरस फुटांत १२ च होतात. शिवाय आमच्याकडे झड लागली की दिवसचे दिवस कोंबड्या बाहेर पाऊल टाकत नाहीत, तेव्हा हाही हिशेब तोकडा पडतो. माझ्याकडे सात कोंबड्या आणि एक कोंबडा, म्हणजे डोई ३ चौरस फूट. जुलैतसुद्धा चोचाचोची झाली नाही. खालच्या वाडीत याच मापाच्या खुराड्यात गिरिराज या सुधारित जातीच्या चौदा कोंबड्या भरल्या होत्या. गावठीपेक्षा त्या अंगाने भारी. पावसाळा संपेपर्यंत दोघी-तिघींच्या पाठी उघड्या पडल्या. तेव्हा विक्रेत्याचा आकडा निम्मा करूनच ऑर्डर द्या.

सुरक्षिततेत हे खुराडं पास आहे आणि त्याचं सगळं श्रेय जाळीला. अर्ध्या इंचाची वेल्डमेश आहे, म्हणजे तारा जोडावर वेल्ड केलेली चौकोनी जाळी. बाजारात स्वस्त मिळते ती षटकोनी जाळी कोंबडीला आत ठेवते, पण कुत्र्याला बाहेर ठेवत नाही. दातांनी ओढली की उसवत जाते. एक इंचाच्या भोकातून उंदीर सहज येतो आणि उंदरांमागे धामण. उदमांजर तर आत न शिरताही पंजा घालून झोपलेली कोंबडी ओढू बघतं, म्हणून दांडी जाळीपासून वीतभर आत हवी. इथे ती तशी आहे.

मुंगूस मात्र उकरून येतं. दिवसा कोंबड्या फिरतात त्या जाळीच्या अंगणाला खालून काहीच नव्हतं. कडेने जांभ्याचे चिरे आडवे पुरले, काम झालं. दाराची सरकती कडीही भरवशाची नव्हती, हलवली की सुटायची. कोयंडा लावून त्यात खिट्टी अडकवतो. दोन्ही मिळून खर्च किरकोळ, पण एवढ्या पैशांत हे बनवणाऱ्यानेच द्यायला हवं होतं.

खरी तक्रार तळाची. प्लायवूड दिलंय, ते ऑगस्टपर्यंत कोपऱ्यात फुगलं. आता सिमेंटशीट टाकून वर चार बोटं भाताचं तूस पसरतो. तूस ओलं राहिलं की रक्ती हगवण आलीच समजा, म्हणून दोन-तीन दिवसांनी खालीवर करतो, अधूनमधून चुना मारतो. पत्र्याची पागोळीही जेमतेम अर्धा फूट बाहेर होती, ती दोन फुटांवर नेली. लोक पावसाळ्यात ताडपत्रीने चारी बाजू बंद करतात. ते करू नका. विष्ठेचा अमोनिया आत कोंडतो, डोळे चुरचुरतात, कोंबड्या घोरू लागतात. पत्र्याखालची वीतभर फट कायम उघडी ठेवा आणि पाऊस येतो ती नैर्ऋत्येची बाजू तेवढी झाका. लांब बाजू पूर्व-पश्चिम ठेवली की ऊन थेट आत येत नाही. तरीही एप्रिल-मेमध्ये पत्रा तापतोच. त्यावर झावळ्या टाकून दुपारी पाणी मारत होतो.

एक गोष्ट बनवणाऱ्याला बरोबर कळली आहे: अंड्यांची पेटी दांडीपेक्षा खाली आहे. कोंबडी सगळ्यात उंच जागा बघून झोपते. पेटी वर असली तर तिथेच मुक्काम आणि सकाळी विष्ठेने माखलेली अंडी. खण फूटभर लांबीरुंदीचे, सातजणींना दोन पुरतात. तरी सगळ्या एकाच खणासाठी भांडतात, त्याला इलाज नाही.

घ्यावं का? गावात वेल्डिंगवाला असेल तर ही मापं देऊन त्याच्याकडूनच करून घ्या, प्लायवूड वगळून. नसेल तर हे घ्या, पण पागोळी, तळ आणि कडी यांसाठी दोन-तीन हजार बाजूला ठेवा. खुडूक (अंडी उबवायला) बसलेली कोंबडी आणि तिची पिल्लं मात्र यात ठेवू नका, दांडीखाली तुडवली जातात. त्यांच्यासाठी पडवीत डालगंच, म्हणजे बांबूची मोठी टोपलीच बरी.