जुना मॅसी 1035 : एक पावसाळा आणि एक मळणी वापरल्यावर

जुना ट्रॅक्टर बघायला गेलात तर लगेच बॉनेट उघडू नका. आधी सीटवर बसा आणि गिअरचे लिव्हर जिथून वर येतात तिथे खाली बघा. तिथे काळी रबरी टोपी असते. ती फाटलेली असेल, तिच्यावर टेप गुंडाळलेली असेल किंवा ती जागेवरच नसेल, तर ट्रॅक्टर कुठल्याही कंपनीचा असो, किमतीची बोलणी तिथूनच सुरू करा. इंजिनाचा आवाज, टायर, रंग हे सगळं नंतर.

माझा ट्रॅक्टर मॅसी फर्ग्युसन 1035 डीआय, 2005चा. मी राहायला ऐरोलीत, शेती मुरबाड तालुक्यात टोकावड्याच्या बाजूला. भाताची खाचरं आणि वर थोडं वरकस, म्हणजे डोंगरउताराची हलकी जमीन. शेत धाकटा भाऊ बघतो, मी सुट्टीच्या दिवशी आणि लावणीला रजा टाकून जातो. बैल गेल्यापासून भाड्याच्या ट्रॅक्टरवर चाललं होतं. भाडं तासाला हजाराच्या पुढे गेलं, तेही एकवेळ परवडलं असतं. पण आषाढात पाऊस धरला की अख्ख्या गावाला एकाच दिवशी ट्रॅक्टर लागतो आणि राबातली रोपं कोणासाठी थांबत नाहीत. एवढ्याशा भातासाठी नव्याचं कर्ज डोक्यावर घेणं मला पटत नव्हतं. म्हणून जुना. सव्वादोन लाखांत, एका दलालामार्फत, माळशेज घाट उतरून आला.

घेण्याआधी आमच्याकडे चार नावं होती: महिंद्रा 575, स्वराज 735, मॅसी 1035 आणि आयशर 242. भाऊ महिंद्राच्या बाजूने होता, मी स्वराजच्या. गावात यावरून माणसं हमरीतुमरीवर येतात. खरं तर ही भांडणं आता दोन घरांतली आहेत. चेन्नईच्या टॅफेने 2005 साली आयशरचे ट्रॅक्टर घेतले, मॅसी आधीपासून त्यांचाच. पंजाब ट्रॅक्टर्सचा स्वराज 2007 साली महिंद्राकडे गेला. पण जुना ट्रॅक्टर घेणाऱ्याला मालक कोण याच्याशी कर्तव्य नाही. ज्या वर्षी तो बनला त्या वर्षीचं डिझाइन आपल्या पदरात पडतं आणि त्याचाच स्पेअर आपल्याला शोधावा लागतो.

महिंद्रा 575 चार सिलिंडरचा, 45 एचपी. ट्रॉलीला आणि टँकरला राजा. स्पेअर तालुक्याला मिळतो, मेकॅनिक डोळे मिटून खोलतो. पण आमच्या भागात जुना 575 बघायला गेलं की दहातले बरेचसे वीटभट्टीवर राबलेले निघतात. अवरमीटर बंदच असतो, त्यामुळे तास विचारून काही कळत नाही. मागच्या हुकाचं भोक बघा. पिनेने घासून ते लांबट झालं असेल तर त्या ट्रॅक्टरने आयुष्यभर ट्रॉली ओढली आहे, मालक काहीही सांगो. त्याची क्लचप्लेट, ब्रेक आणि पुढचा एक्सल दमलेला असणार, आणि लिफ्ट, म्हणजे मागचं अवजार वर-खाली करणारी यंत्रणा, मात्र नव्यासारखी निघेल. शेतावरच्या ट्रॅक्टरचं बरोबर उलटं असतं.

स्वराज 735 मला अजूनही आवडतो. तीन सिलिंडर, गरीब इंजिन, कमी आरपीएमवर खेचतं, आणि लिफ्टचा पंप इंजिनावरच चालतो. नेरळच्या बाजूला एक चांगला मिळतही होता. पण मालक कागदं दाखवेना, तेव्हा विषय तिथेच संपला.

आयशर 242बद्दल दोन शब्द जास्त लिहितो. भारतात बनलेला पहिला ट्रॅक्टर आयशरचा, 1959 साली फरीदाबादला, त्याच घराण्यातला हा. एकच सिलिंडर, 25 एचपी, हवेवर थंड होणारा. रेडिएटर नाही, पाणी नाही, होज फुटायची भीती नाही. डिझेल तर इतकं कमी पितो की हिशेब करणाऱ्या माणसाने तोच घ्यावा. आमच्या शेजारच्या काकांकडे आहे. मळणीला, पाण्याच्या पंपाला, पेंढ्याच्या ट्रॉलीला त्याच्यासारखा दुसरा नाही. इंजिनाच्या पाकळ्यांत चिखल आणि तूस अडकलं की तापतो, म्हणून काका रोज संध्याकाळी त्या ब्रशने साफ करतात. पण खोल खाचरात पाच फुटी रोटाव्हेटर (फिरत्या पात्यांनी माती घोळणारं अवजार) लावला की त्याचा दम पुरत नाही. दोन वेळा फिरवावं लागतं, आणि मग वाचलेलं डिझेल तिथेच जातं.

मॅसी ठरला तो वजनावर. 1035 साधारण सतराशे किलोचा. 575 आणि 735 त्याच्यापेक्षा शे-दोनशे किलोने जड. कागदावर हा फरक काहीच वाटत नाही. पण आमची खाचरं उताराची, लहान, खालची माती पिऊन बसलेली. जड ट्रॅक्टर खालच्या कडक थराला भेदून बसला की त्या वर्षी खाचरात पाणी टिकत नाही, आणि दुसऱ्या ट्रॅक्टरने ओढून काढावा लागतो तो वेगळाच. केज व्हील, म्हणजे लोखंडी जाळीची चाकं, लावून मॅसी वरच्या वर चालतो, बांध न फोडता वळतो. चिखलणीत, म्हणजे लावणीआधी खाचरात चिखल करताना, तासाला चार लिटरच्या आसपास डिझेल गेलं, आमच्या मातीत ते मला वाजवी वाटलं.

आता लिफ्ट. जुन्या मॅसीचा हायड्रॉलिक पंप मागच्या हौसिंगमध्ये ऑइलात बुडालेला असतो आणि तो पीटीओच्या, म्हणजे मागच्या अवजाराला फिरवणाऱ्या, शाफ्टवर चालतो. म्हणजे डाव्या बाजूचा पीटीओचा लिव्हर लावलेला नसेल तर लिफ्ट उचलणारच नाही. गावातला एक पोरगा, हात महिंद्रावर बसलेला, चिखलणीला आला. लिफ्टचा लिव्हर वर-खाली करून थकला आणि म्हणाला, "दादा, लिफ्ट गेली तुमची, सहा-सात हजार काढून ठेवा." भावाने खाली वाकून पीटीओ टाकला, रोटाव्हेटर वर आला. जुना मॅसी बघायला गेल्यावर कोणी लिफ्ट मेली म्हणून भाव पाडून देत असेल तर आधी हा लिव्हर बघा. आणि क्लच डबल आहे का तेही बघा. डबल क्लचमध्ये पॅडल अर्धं दाबलं की चाकं थांबतात, रोटाव्हेटर आणि लिफ्ट चालूच राहतात. सिंगलमध्ये सगळं एकदम थांबतं, आणि बांधाशी प्रत्येक वळणावर त्याचा त्रास होतो.

त्या रबरी टोपीकडे परत येतो, कारण याच रचनेमुळे ती महत्त्वाची आहे. मॅसीत गिअरबॉक्स, मागच्या चाकांना ताकद वाटणारा डिफरन्शियल आणि लिफ्ट यांना एकच ऑइल. वीस लिटरचा एक डबा पुरत नाही एवढं. गिअर लिव्हरच्या बुडाचं रबर फाटलं की पाऊस लिव्हरवरून ओघळत थेट त्या ऑइलात उतरतो. घाटावर चार सरी पडतात तिथे वीस वर्षं चालून जातं. मुरबाडला पावसाळ्यात दोन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, ट्रॅक्टर शेताच्या कडेला उघड्यावर उभा असतो, आणि लिव्हरजवळ पाणी दिवसरात्र गळत राहतं. ते पाणी तळाला बसतं. सकाळी ट्रॅक्टर चालू केला की पंप तेच आधी ओढतो.

लावणीच्या ऐन भरात लिफ्ट झटके देऊ लागली. रोटाव्हेटर वर नेला की थरथरायचा, ऑइल गरम झाल्यावर तर अर्ध्यातच थांबायचा. मुरबाडहून मिस्त्री आला. मी ऑइल मोजायची पट्टी काढून दाखवली, ऑइल बरोबर खुणेवर होतं. तो म्हणाला, "भाऊ, पट्टीवर काय बघता? पाणी पण खूण भरतंच की." रात्रभर ट्रॅक्टर उभा ठेवला आणि सकाळी त्याने खालचा नट नुसता ढिला केला, काढला नाही. पहिल्यांदा आलं ते निव्वळ पाणी, बोटभर धार, मातकट. मग धार पांढरी झाली, जास्त दूध घातलेल्या चहासारखी, दाट आणि फेसाळ. ऑइलचा रंग दिसायला बराच वेळ गेला.

पायाखाली अंथरलेली जाड रबरी मॅट उचलली तेव्हा दोन्ही लिव्हरच्या टोप्या फाटलेल्या दिसल्या, वर काळी टेप. मॅट दलालाने मुद्दाम टाकली होती याबद्दल मला शंका नाही, कारण तिच्यावर दुकानाचं लेबल तसंच होतं. फोन केला तर म्हणाला, जुन्या गाडीला एवढं चालतंच. नाही चालत. शंभर-दीडशेचं रबर वेळेवर बदललं असतं तर माझं दहा हजारांचं ऑइल आणि लावणीचा मोलाचा वेळ वाचला असता. विकताना हे लपवणं म्हणजे पुढच्या माणसाचा हंगाम बुडवणं आहे. दोष मॅसीच्या माथी मी मारणार नाही. वीस वर्षांचं रबर कुठल्याही कंपनीचं असो, फाटणारच.

तेव्हा मी चिडून भावाला सांगितलं होतं, लावणी झाली की विकून टाकू आणि लिफ्टचा पंप बाहेर असलेला स्वराज आणू.

वरचं सगळं श्रावणात लिहून ठेवलं होतं. आता मळणी झाली आहे, वरकसाची नांगरट चालू आहे, आणि माझं मत बरंच बदललं आहे.

ऑइल पूर्ण काढलं, स्वस्त ऑइल भरून तासभर चालवून तेही काढलं, बाजूचं झाकण उघडून पंपाची जाळी धुतली, मग चांगलं ऑइल भरलं. दोन्ही टोप्या नव्या, मागे पीटीओच्या शाफ्टचा सीलही नवा. तो सील काढला तेव्हा त्याच्यात पेंढ्याच्या काड्या आणि नायलॉनची दोरी गुंडाळलेली निघाली. चिखलणीत हे हमखास होतं, रोटाव्हेटर उतरवला की तिथे बोट फिरवून बघायची सवय लावा. पहिला सील कल्याणच्या एका दुकानातून आणला होता, तो आठवड्यात झिरपू लागला. डब्यावर नाव कंपनीचं, आतला माल लोकल. दुसरा बिल घेऊन आणला, तो अजून कोरडा आहे. त्यानंतर लिफ्टने एकदाही झटका दिला नाही. रोटाव्हेटर वर नेऊन इंजिन बंद केलं तर जेवण करून येईपर्यंत चार बोटंही खाली येत नाही. ही चाचणी ट्रॅक्टर घेताना कराच, पण तासभर काम करून ऑइल तापल्यावर. थंड ऑइलावर प्रत्येक लिफ्ट चांगलीच वाटते.

आणि मत खरं बदललं ते नांगरटीत. लिफ्टला दोन लिव्हर असतात. चिखलणीत एकच लागतो, म्हणून दुसऱ्याला आमच्याकडे कोणी हात लावत नाही. काहींनी तर तो तारेने बांधून ठेवलेला असतो. तो ड्राफ्टचा लिव्हर. हॅरी फर्ग्युसनने 1920च्या दशकात जे काम केलं त्याचं मर्म त्यात आहे: नांगराला जमीन कडक लागली की टॉपलिंकवर, म्हणजे नांगराला धरणाऱ्या वरच्या दांड्यावर, दाब येतो, तो दाब लिफ्टला कळतो आणि नांगर आपोआप थोडा वर येतो. कडक पट्टा संपला की परत खाली. आमच्या वरकसात मुरमाचे पट्टे आहेत, बैल तिथे गुडघ्यावर यायचे आणि भाड्याचे ट्रॅक्टर चाक घसरवत उभे राहायचे. भावाने ड्राफ्ट लावून नांगर टाकला तेव्हा मी बाजूने चालत होतो. मुरूम लागला की टॉपलिंकच्या टोकाची स्प्रिंग दबलेली दिसायची, नांगर दोन बोटं उचलला जायचा आणि मागचं चाक न घसरता पुढे जायचं. ड्रायव्हरने काही करायची गरज नाही. एवढ्या जुन्या यंत्रात एवढी समज आहे हे बघून मला मनापासून आनंद झाला. ड्राफ्ट दुसऱ्या कंपन्यांतही आहे, पण मी चालवून पाहिलेल्यांत इतका हलका हात मला कुठे दिसला नाही.

ट्रॅक्टर विकायचा विचार सोडला आहे. क्लचप्लेट शिमग्याआधी बदलणार, ती आता टोकाला आली आहे. ब्रेक कोरडे असल्यामुळे चिखलणीनंतर धरत नाहीत, थोडं अंतर दाबत-सोडत चालवून वाळवावे लागतात. घाटरस्त्याला ट्रॉली न्यायची असेल तर हे आधीच लक्षात घ्या आणि मग महिंद्रा किंवा स्वराजच बघा.

कागदांचं एक राहिलं. मालकी बदलाच्या फॉर्म 29 आणि 30वर मूळ मालकाची सही समोर बसून घ्या, दलालाकडच्या कोऱ्या सह्यांच्या फॉर्मवर जाऊ नका. आरसीवर बँकेचा बोजा असेल तर तो उतरवण्याचा फॉर्म 35 आणि बँकेचं पत्र हातात पडल्याशिवाय पूर्ण पैसे देऊ नका. मी वीस हजार मागे ठेवले होते, म्हणून दलाल दर आठवड्याला स्वतः फोन करत होता आणि आरसी आमच्या नावावर झाली. टोप्यांचे आणि ऑइलचे पैसे मी त्याच वीस हजारांतून कापले.