शिकारीचा परवाना, नुकसानभरपाई की झटका कुंपण?

तूर शेंगेवर आली की रोही (नीलगाय) आणि रानडुकरं रात्रीतून वावर साफ करतात. मग पारावर एकच बोलणं: परवाना काढा, मारून टाका. संताप खरा आहे, पण आधी जनावर ओळखा. भुईमूग उकरलेला, ज्वारी लोळवलेली असेल तर डुक्कर. हरभऱ्याचे शेंडे खुडलेले आणि ओल्या मातीत मोठे खूर उमटलेले असतील तर रोही. 2015 च्या शासन निर्णयातला परवाना या दोघांपुरताच आहे. चितळ त्यात नाही. काळवीट तर वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत, म्हणजे सगळ्यात कडक संरक्षणाच्या यादीत आहे, पीक खाल्लं म्हणून त्याला मारता येत नाही.

परवान्याचा अर्ज वनपरिक्षेत्र अधिकाऱ्याकडे करायचा. पोच घ्याच, कारण 24 तासांत निर्णय आला नाही तर परवानगी मिळाली असं धरण्याची त्या शासन निर्णयात तरतूद आहे. खरी अडचण पुढे आहे. बंदूक कुणाकडे आहे? शेतरक्षणाच्या ठासणीच्या बंदुकीलाही शस्त्र परवाना वेगळा लागतो. फासा, विष किंवा कुंपणात सोडलेली घरची लाईन या परवान्यात बसत नाही, आणि त्या लाईनीने माणसंही मेली आहेत. मेलेलं जनावर सरकारचं असतं. मटणाचे वाटे घातले तर गुन्हा शेतकऱ्यावरच दाखल होतो. एवढं करून कळपातलं एक कमी होतं, बाकीचे परत येतात.

भरपाई मात्र कधीच सोडू नका. हरणांनी केलेल्या नुकसानीलाही ती मिळते. तीन दिवसांच्या आत अर्ज द्या, सातबारा जोडा, पंचनाम्यापर्यंत मोडलेलं पीक तसंच राहू द्या. पूर्ण नुकसान भरून निघत नाही, तरी नोंद होते.

माझं मत झटका कुंपणाच्या बाजूने आहे. त्यात करंट क्षणभराच्या ठोक्यांनी येतो. जनावर दचकून मागे फिरतं, मरत नाही. खालची तार वीतभर उंचीवर हवी, नाहीतर डुक्कर खालून घुसतं. तारेला गवत टेकलं की झटका उतरतो, म्हणून खालचं तण सतत काढावं लागतं. खर्च मोठा आहे, पण लगतच्या चार-पाच खातेदारांनी मिळून वेढा घातला तर प्रत्येकाला परवडतो. जंगलालगतच्या गावांसाठी वनविभागाच्या योजनेतून अनुदानही मिळतं.

परवाना मी एकालाच सुचवेन: ज्याच्या शेतात डुकरांनी ठाणच मांडलंय आणि ज्याच्या हाताशी परवानाधारक, सराईत बंदूकवाला आहे.