जेल न लावताच आलेले आकडे : जाडी तपासणीतील फसवणूक

सोलापुरात अक्कलकोट रस्त्यावरील औद्योगिक वसाहतीत टॉवेल रंगवण्याचा आमचा कारखाना आहे. कॉम्प्रेसरची हवेची टाकी आणि बॉयलरपासून निघणारी स्टीम लाइन यांची जाडी अल्ट्रासॉनिक यंत्राने मोजून देण्याचे काम आम्ही एका एजन्सीला दिले. तिचे दर इतरांपेक्षा बरेच कमी होते आणि उत्पादन न थांबवता काम उरकण्याची तिने हमी दिली होती. सही-शिक्क्याचा सुबक रिपोर्ट आला, बिलही चुकते झाले. त्या रिपोर्टातील बहुतेक आकडे टेबलावर बसून लिहिलेले होते.

आमच्या फिटरच्या हे लक्षात आले. टाकीच्या तळाशी ज्या जागांची रीडिंग रिपोर्टात होती, तिथला रंग जसाच्या तसा होता, त्यावर ओरखडा किंवा मोजताना लावायच्या जेलचा चिकट डागही नव्हता. स्टीम लाइनवरील ग्लासवूल (उष्णता अडवणारे काचतंतूंचे वेष्टन) आणि त्यावरचा अ‍ॅल्युमिनियमचा पत्रा कुठेही उघडलेला नव्हता, तरीही आतल्या पाइपची जाडी दोन दशांश स्थळांपर्यंत नोंदवलेली होती.

प्रोबमधून, म्हणजे यंत्राच्या पृष्ठभागावर टेकवायच्या भागातून, निघणाऱ्या ध्वनिलहरी हवेच्या अगदी पातळ थरावरूनही जवळजवळ पूर्णपणे परत फिरतात, त्यामुळे गंजाच्या खपल्या काढून, एमरी पेपर मारून, जेल किंवा ग्लिसरीन लावून प्रोब घट्ट टेकवल्याशिवाय लहर पोलादात शिरतच नाही. टाकीच्या खालच्या बाजूला पातळ जेल ओघळून जाते, तिथे घट्ट जेल घ्यावे लागते. सात बार दाबाच्या वाफेची लाइन सुमारे 170 अंश सेल्सिअसवर असते. तिथे साधे जेल लगेच वाळते आणि साधा प्रोब खराब होतो. चालू लाइनवर मोजायचे तर उष्णता सोसणारा प्रोब आणि त्याचे वेगळे जेल हवे. आलेल्या माणसाकडे यातले काहीच नव्हते, हे आमच्या बॉयलर अटेंडंटने नंतर सांगितले.

रंगावरूनच प्रोब टेकवणारेही असतात आणि ते मला अधिक धोकादायक वाटते. पोलादात ध्वनीचा वेग सेकंदाला सुमारे 5,900 मीटर असतो, रंगात तो निम्म्याहूनही कमी. लहर परत यायला लागलेल्या वेळेवरून यंत्र जाडी काढते आणि साध्या पद्धतीत ते रंगालाही पोलादच समजते, म्हणून अर्धा मिलिमीटर रंग एक मिलिमीटरहून अधिक पोलाद होऊन आकड्यात मिसळतो आणि झिजलेला पत्रा धडधाकट दिसतो.

दुसऱ्या तंत्रज्ञाने आमच्यासमोर आधी ज्ञात जाडीच्या पायऱ्यांच्या ठोकळ्यावर यंत्र जुळवले, मग रंग खरवडून मोजमाप केले. हवेतले पाणी साचते त्या तळाशी, रिपोर्टात 7.8 मिलिमीटर असलेल्या जागी, प्रत्यक्षात 5.2 निघाले. टाकी त्याच दिवशी बंद केली. तिच्या शेजारी पाळीपाळीने माणसे काम करतात, हे ठाऊक असूनही कुणी असा कागद देऊ शकतो, याचा मला आजही संताप येतो.

एजन्सी आता फोन उचलत नाही आणि पैसे परत मिळालेले नाहीत. यापुढे आमच्या वर्क ऑर्डरमध्ये प्रत्येक जागा घासून, खडूने क्रमांक टाकून, जेल लावलेल्या प्रोबसह यंत्राच्या पडद्याचा फोटो देण्याची अट आहे. ज्यांच्याकडे असा स्वस्तात झालेला रिपोर्ट फाइलमध्ये पडून असेल, त्यांनी तो हातात घेऊन टाकीच्या तळाचा रंग आजच पाहून यावा.