मैद्याचं पोतं, साठवणीचा गहू की महिन्याची पाकिटं?

घरी ब्रेड करायला लागलं की दोन-तीन महिन्यांत पोत्याचा विचार डोक्यात येतोच. किलोकिलोची पाकिटं आणून कंटाळा येतो, आणि कोणीतरी सांगतं, "अहो, वाशीला बाजार समितीच्या धान्यबाजारात, दाणाबंदरात जा, निम्म्या भावात मिळेल." निम्म्या भावात काही मिळत नाही, पण स्वस्त मिळतं हे खरं. मात्र ठाण्या-नवी मुंबईच्या हवेत, दोन खोल्यांच्या घरात ते पोतं संपेपर्यंत चांगलं राहील का, हे आधी बघायला हवं.

त्यासाठी आपला खप मोजा. नेहमीच्या सँडविच लोफला ४०० ते ५०० ग्रॅम पीठ लागतं. आठवड्याला दोन लोफ म्हणजे किलोभर. अधूनमधून पाव, पिझ्झा धरला तर महिन्याला पाच-सहा किलो. बेकरीच्या मैद्याचं पोतं साधारणपणे ५० किलोचं असतं, म्हणजे ते आठ-दहा महिने पुरणार आणि त्यात एक अख्खा पावसाळा येणार. इथेच बहुतेकांचा निर्णय होऊन जायला हवा.

माझं मत सुरुवातीलाच सांगते: गहू भरपूर घ्या, मैदा वाटून घ्या, आटा साठवू नका.

गहू आणि आटा

अख्ख्या दाण्यात अंकुरातलं तेल बंद असतं. दळलं की ते हवेला उघडं पडतं आणि खवट व्हायला लागतं. आपल्याकडच्या उकाड्यात गव्हाचं पीठ तीन-चार आठवड्यांत कडवट होतं. पोळीत ते फारसं कळत नाही, ब्रेडमध्ये कळतं. मैद्यात कोंडा आणि अंकुर दोन्ही काढलेले असतात, म्हणून तो जास्त टिकतो. आणि नीट वाळवलेला गहू तर वर्षभर राहतो. आपल्या आज्या एप्रिल-मेमध्ये वर्षाचं धान्य भरून ठेवायच्या, पीठ नव्हे, त्याचं कारण हेच.

त्यामुळे ज्यांना गव्हाचा ब्रेड करायचा आहे त्यांनी साठवणीचा ३० किलो गहू घ्यावा. त्याला सुमारे ४० लिटरची कोठी लागते. नवा गहू बाजारात येतो तेव्हा, म्हणजे मार्चअखेर ते मे, घेणं उत्तम. उन्हं दाखवायला गच्ची मिळाली तर दोन दिवस कडक ऊन द्या, पूर्ण गार होऊ द्या आणि मगच भरा. गच्चीला सोसायटीने कुलूप लावलं असेल तर बाल्कनीतल्या उन्हावर भागवावं लागतं.

गहू कोणता? लोकवन सगळीकडे मिळतो, पोळीला चांगला आणि ब्रेडलाही चालतो. सिहोरचा शरबती महाग आणि गोडसर. ब्रेडमध्ये त्याचे जास्तीचे पैसे वसूल होतात असं मला वाटत नाही. बन्सी हा ड्युरम जातीचा, रवा-दलियाला छान. त्यात प्रथिनं भरपूर असली तरी त्याचं ग्लूटेन, म्हणजे कणकेला ताण देणारं प्रथिन, ताणलं जात नाही, त्यामुळे लोफ बसका होतो. खपली गव्हाचं ग्लूटेन आणखी नाजूक. खपलीचा ब्रेड करायचाच असेल तर पिठात तिचं प्रमाण चौथ्या हिश्श्यापर्यंत ठेवा, नाहीतर तिची खीर करा, ती जास्त चांगली लागते.

साठवणीच्या गव्हाला एरंडेल चोळण्याची पद्धत जुनी आहे आणि ब्रेडला त्याने काही बिघडत नाही, हात मात्र हलका ठेवा. पाऱ्याच्या गोळ्या टाकू नका. आणि गोदामांत धूर द्यायला वापरतात त्या ॲल्युमिनियम फॉस्फाइडच्या गोळ्या कोणी आपुलकीने दिल्या तरी घरात आणू नका. ओलावा लागताच त्यातून फॉस्फिन हा जीवघेणा वायू निघतो, आणि बंद फ्लॅटमध्ये ते किती धोक्याचं आहे हे वेगळं सांगायला नको.

दळण टाकताना दोन गोष्टी पाळा. गिरणीवाल्या काकांना आधी विचारा, आत्ता काय दळलंय? बाजरी किंवा बेसनानंतर लगेच तुमचा गहू पडला तर पहिलं अर्धा किलो पीठ मिसळलेलं येणार. पोळीला चालेल, आंबवलेल्या पिठात बाजरीचा वास तासागणिक वाढत जातो. काही गिरण्यांत गव्हाची चक्की वेगळी असते, ती शोधावी. दुसरं म्हणजे पीठ गिरणीतून गरम येतं. डब्याचं झाकण लगेच लावलं की आत वाफ धरते, गुठळ्या होतात आणि बुरशीला आमंत्रण मिळतं. परातीत किंवा स्वच्छ चादरीवर पसरून गार करा, मग भरा. एका वेळी दोन-तीन किलोच दळून आणा.

दगडाच्या चक्कीत पिठातला स्टार्च बराच चिरडला जातो, त्यामुळे असं पीठ पाणी खूप पितं. मैद्याला १०० ग्रॅममागे ६० ते ६५ ग्रॅम पाणी पुरतं, याला ७५-८० लागतं. कणीक भिजवून यीस्ट न घालता अर्धा तास झाकून ठेवा, मग मळा. कोंडा ग्लूटेनचे धागे कापतो, म्हणून मैद्याच्या चाळणीने एकदा चाळलं तरी लोफ चांगला उंचावतो. निघालेला कोंडा टिनला लावायला किंवा वरून भुरभुरायला वापरता येतो.

मैदा: पोतं, सुटा की पाकीट

पोत्याची खरी किंमत काढायची तर घरपोच धरून काढा. समजा किलोमागे ८ रुपये वाचले, तर ५० किलोमागे झाले ४००. तुर्भ्याहून, म्हणजे दाणाबंदरातून, ठाण्यात घोडबंदर रोडला टॅक्सीने पोतं आणलं, वर हमाली दिली, की त्यातलं काय उरतं ते तुम्हीच बघा. ऐरोली-कोपरखैरण्यात राहणाऱ्यांना हे गणित बरंच सोपं जातं. ट्रान्स-हार्बरच्या लोकलने ५० किलो आणायचा विचार मात्र सोडून द्या.

कराचाही थोडा फरक आहे. १८ जुलै २०२२ पासून २५ किलोपर्यंतच्या पाकीटबंद, लेबल लावलेल्या पिठावर ५ टक्के जीएसटी आहे. त्याहून मोठ्या पोत्यावर तो लागत नाही. बाजार समितीतल्या भावात आणि मॉलमधल्या भावात जो फरक दिसतो त्यातला थोडा भाग हा.

सगळ्यात शहाणपणाचा मार्ग म्हणजे चार घरांनी मिळून पोतं घेणं. प्रत्येकाला साडेबारा किलो येतो, तो दोन-तीन महिन्यांत संपतो, आणि तेवढ्यात मैद्याला काही होत नाही. सोसायटीच्या ग्रुपवर विचारा, दिवाळीच्या आधी तर शंकरपाळ्या-करंज्यांसाठी घ्यायला लोक स्वतःहून येतील. फक्त वाटप त्याच दिवशी करा. "पोतं माझ्याकडे राहू दे, लागेल तसं न्या" असं म्हणणाऱ्याचं घर महिनाभर पांढरं होतं.

घेण्याआधी विचारायचं ते नेमकं विचारा. मोठ्या गिरण्या ब्रेडसाठी आणि बिस्किटांसाठी वेगवेगळा मैदा काढतात. बिस्किटाचा मैदा मऊ असतो, त्याचा लोफ उंच जात नाही. दुकानदाराला माहीत नसेल तर पोत्यावरचं लेबल वाचा: दळल्याची तारीख, १०० ग्रॅममागे प्रथिनं. ११च्या आसपास असेल तर बरं, ९ असेल तर तो केकचा मैदा समजा. घटकांची यादीही बघा. पोटॅशियम ब्रोमेटवर आपल्याकडे २०१६ पासून बंदी आहे.

लेबलवर विश्वास नसेल तर एक किलो सुटा आणून घरीच परीक्षा घ्या. १०० ग्रॅम मैदा ६० मिली पाण्यात मळून गोळा अर्धा तास भिजत ठेवा, मग बारीक धारेखाली हाताने दाबत धुवा. पांढरं पाणी यायचं थांबलं की हातात रबरासारखा गोळा उरतो, तो ग्लूटेन. पाणी पिळून वजन करा. २८-३० ग्रॅम भरला आणि न तुटता ताणला गेला तर पोतं घ्यायला हरकत नाही. २५च्या खाली असेल तर नानकटाई करा. एवढी खटपट नको असेल त्यांनी सुटी ग्लूटेन पावडर आणून किलोला दोन मोठे चमचे घालावी. माझ्या मते, नव्या माणसाने महागडा आयात मैदा घेण्यापेक्षा हा उपाय बरा.

सुटा मैदा ठाण्यात जांभळी नाक्यावर मिळतो, वाशी-नेरुळच्या कुठल्याही जुन्या किराण्यात मिळतो. पाच किलोपर्यंत तो सगळ्यात सोयीचा. ज्या दुकानात बेकरीवाले आणि फरसाणवाले येतात तिथे घ्या, तिथलं पोतं लवकर रिकामं होतं. चिमूटभर घेऊन वास घ्या. कुबट वाटला, किंवा पिठाला बारीक जाळी धरलेली दिसली, तर पुढच्या दुकानात जा.

पाकिटांबद्दल फार सांगण्यासारखं नाही. महिन्याला दोन किलोच्या खाली खप असेल तर पाकीटच घ्या. साठवायचा प्रश्नच उरत नाही.

ठेवायचं कुठे

एक किलो पिठाला पावणेदोन ते दोन लिटर जागा लागते. साडेबारा किलोला २५ लिटर धरा. एका मोठ्या पिंपापेक्षा पाच लिटरच्या चार-पाच बरण्या कितीतरी चांगल्या. किडा झालाच तर एकीतच होतो, आणि रोज उघडझाप एकाच बरणीची होते. स्टीलचं पिंप मजबूत, पण त्याची झाकणं बहुधा सैल असतात. झाकणाखाली जाड प्लास्टिक धरून बंद केलं की काम भागतं. पत्र्याची कोठी गव्हाला ठीक, पिठाला नको.

जागा निवडताना माळा टाळा. मे महिन्यात स्लॅबखालचा माळा तापून निघतो, आणि पिठातल्या तांबड्या किड्याला ३० ते ३५ अंश म्हणजे अगदी हवं तसं हवामान. बाथरूमला लागून असलेली भिंतही नको, पावसात तिला ओल येते. ओट्याखाली, गॅसपासून लांबचा कप्पा सगळ्यात बरा. पिठातलं पाणी १४ टक्क्यांच्या वर गेलं की बुरशीची भीती असते. जुलैत बाहेर आर्द्रता ८५-९० टक्के असते, त्यामुळे उघडी पिशवी तिथवर पोचायला वेळ लागत नाही. त्या दिवसांत कणकेला पाणीही थोडं कमी लागतं, नेहमीच्या मापातून शंभराला दोन-तीन ग्रॅम कमी घालून बघा.

किड्यांवर खात्रीचा उपाय फ्रीझर आहे. अंडी गिरणीतून किंवा पोत्यातूनच येतात, दिसत नाहीत. आणलेलं पीठ दोन-दोन किलोच्या पिशव्यांत बांधून आठवडाभर उणे १८ अंशांवर ठेवलं की अंडीही मरतात. बाहेर काढल्यावर पिशवी न उघडता खोलीच्या तापमानाला येऊ द्या, नाहीतर पिठावर दव धरतं. फ्रीझर छोटा असेल तर एकेक पिशवी करत पाळी लावा. ज्या घरात फ्रीझरमध्ये सुरमई-बोंबील असतात तिथे पिठाला दोन पिशव्या घाला, पीठ वास पटकन धरतं.

कायम फ्रिजमध्ये ठेवायचं असेल तर त्याचा आणखी एक फायदा आहे. एप्रिल-मेमध्ये स्वयंपाकघर ३३-३४ अंशांवर असतं आणि कणीक हाताबाहेर जाऊन फुगते. थंड पीठ आणि बर्फाचं पाणी घेतलं की मळलेली कणीक २५-२६ अंशांना मिळते, फुगायला पुरेसा वेळ मिळतो आणि ब्रेडला चवही येते. फ्रिजमधलं पीठ बरणीत घट्ट बंद असेल तर या दिवसांत ते न तापवता सरळ वापरा. दव धरण्याआधी मोजून बरणी परत आत टाकायची.

घरघंटी घ्यावी का

ब्रेडसाठी म्हणून घेऊ नका. घरात रोज आठ-दहा पोळ्या, भाकरी, थालीपिठाची भाजणी आणि वर ब्रेड असं सगळं होत असेल तरच तिची किंमत आणि जागा परवडते. हवं तेव्हा ताजं पीठ, दुसऱ्याच्या बाजरीची भीती नाही, हे फायदे खरे. पण तिच्यात दगड नसतो, दाणा पात्यांनी फुटून जाळीतून पडतो. सगळ्यात बारीक जाळी लावली तरी पीठ चक्कीपेक्षा किंचित कणीदार राहतं, म्हणून भिजवून ठेवायचा वेळ अर्ध्या तासाऐवजी तास करावा लागतो. आणि रात्री साडेदहाला ती सुरू केलीत तर खालच्या मजल्यावरच्या काकू सकाळी लिफ्टमध्ये भेटतातच.