वाफेच्या गाडीला आच कशाची, गॅसची की रॉकेलची?

लोकोमोबिल या जुन्या अमेरिकन वाफेच्या गाडीची प्रतिकृती किटमधून बांधायला घेतली की चाकं, चेन, दोन सिलिंडरचं इंजिन हे सगळं नकाशाबरहुकूम जुळत जातं. डोकं खातो तो बर्नर. सीटखालच्या त्या उभ्या बॉयलरला आच कशाची द्यायची, हे शक्यतो ऑर्डर देतानाच ठरवलेलं बरं, कारण टाकी, नळ्या, रेग्युलेटर सगळं त्यावरच ठरतं. मी दोन्ही वापरलं आहे, आधी गॅस आणि आता रॉकेल.

पेट्रोल हा तिसरा पर्याय, आणि इतिहासाला धरून तोच खरा. स्टॅन्ली जुळ्या भावांनी 1899 मध्ये आपला वाफेच्या गाड्यांचा धंदा विकला, त्यातून लोकोमोबिल निघाली. त्याच वर्षी 31 ऑगस्टला फ्रीलन स्टॅन्ली बायकोला शेजारी बसवून अमेरिकेतल्या माउंट वॉशिंग्टनच्या माथ्यावर गेला, तोही पेट्रोलच्या जाळावर. पण बुडाखाली ज्योत आणि पायांखाली पेट्रोलची टाकी हे मला या वयात झेपत नाही. शिवाय आजच्या पेट्रोलमध्ये इथेनॉल. तेव्हा तो विषय सोडू.

गॅसचे गुण खरेच मोठे आहेत. कॉक उघडला, ठिणगी दिली, पेटलं. काजळी जवळजवळ नाही, त्यामुळे बॉयलरच्या शेकडो बारीक नळ्या स्वच्छ राहतात. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे बॉयलरमधलं पाणी दाखवणाऱ्या काचनळीत पाणी दिसेनासं झालं तर कॉक फिरवताक्षणी आग बंद. तांब्याच्या नळ्या कोरड्या तापल्या तर केवढ्याला पडतं हे ज्याला ठाऊक आहे, त्याला या एका गोष्टीची किंमत सांगायला नको. गाडी फक्त मेळाव्यात, सपाट मैदानावर फिरवणार असाल तर पुढचं वाचलं नाही तरी चालेल.

मी मात्र इंग्लंडातल्या डोंगराळ डर्बीशरमध्ये राहतो. मॅटलॉककडे कुठूनही निघा, चढ लागतोच. चढावर इंजिन वाफ ओढतं, दाब उतरतो, रेग्युलेटर बर्नर पूर्ण उघडतो, आणि नेमकं तेव्हाच गॅसचा सिलिंडर हात आखडता घेतो. गॅस द्रवाचा वायू होताना उष्णता ओढून घेतो, ती सिलिंडरच्याच पत्र्यातून. मग बाहेरून आधी दव, मग पांढरा बर्फ, द्रवाची पातळी जिथे असेल तिथपर्यंत अगदी रेघ मारल्यासारखा. सिलिंडर गारठला की आतला दाब पडतो, ज्योत निळीची पिवळसर आणि लुळी होते, आणि वाफेचा काटा 150 पौंडांवरून खाली यायला लागतो. ऑक्टोबरच्या सकाळी तर पहिल्याच मोठ्या चढाला. रस्त्याच्या कडेला थांबून दाब चढायची वाट पाहायची, मागे गाड्यांची रांग, त्यातला एखादा काच खाली करून विचारतो, "पाणी हवंय का?" पाणी भरपूर असतं हो.

यावर उपाय नाहीत असं नाही. प्रोपेनच वापरा, ब्युटेन शून्याच्या आसपासच उकळतं, थंडीत त्याचा उपयोग नाही. दोन सिलिंडर जोडा. पण एवढ्याशा बग्गीत दोन सिलिंडर ठेवायचे कुठे, आणि तेही बॉयलरपासून लांब? काही जण सिलिंडरमधून द्रवच ओढून त्याचा वायू बर्नरपाशी करतात. म्हणजे व्हेपोरायझर, द्रव तापवून त्याचा वायू करणारी नळी, आलाच. मग रॉकेलने काय घोडं मारलं होतं?

रॉकेलचा बर्नर ज्याने आईला पितळी स्टोव्ह पेटवताना पाहिलं आहे त्याला शिकवावा लागत नाही. पंप मारायचा, नळी आधी तापवायची, घाई केली तर भडका, धीर धरला तर निळी ज्योत. पिनसुद्धा मारावी लागते, फक्त ती जरा मोठी. इथले माझे मित्र या प्रकाराला बिचकतात, मला त्यात काही विशेष वाटत नाही. कदाचित माझा कौल इथेच थोडा झुकला असेल, ते धरून चला.

त्रास आहेतच. ब्लोलँपने नळी तापवण्यात बराच वेळ जातो. व्हेपोरायझरमध्ये कार्बन धरतो. आत घातलेली पीळदार तार अधूनमधून ओढून काढून साफ करावी लागते, आणि त्या दिवशी जेवताना हाताला वास येतो. आग बंद केली तरी नळीतलं उरलेलं थोडा वेळ जळतच राहतं. कधी ज्योत मागे सरकून खालच्या पेटीत फट्कन वाजते, शेजारचा कुत्रा दिवसभर भुंकतो. मुंबईत जन्मलेले लेखक किपलिंग इंग्लंडात लोकोमोबिल घेऊन वैतागले होते, पुढे लँचेस्टर या पेट्रोलच्या गाडीकडे वळले. त्यांचा वैताग मला पटतो.

पण लिटरमागे रॉकेलमध्ये सुमारे 35 मेगाज्यूल, प्रोपेनमध्ये 25. टाकी गारठत नाही, चढावर ज्योत लुळी पडत नाही. माझ्या गाडीवर तरी तोच चढ आता न थांबता होतो. मोजमाप म्हणाल तर एवढंच. अस्सलपणाचा मुद्दा मी मुद्दाम काढत नाही, कारण जुन्या गाड्यांच्या लंडन–ब्रायटन रनमध्ये 1905 च्या आधी बनलेल्या गाड्याच घेतात, प्रतिकृतीला तिथे जागाच नाही.

तरी पहिल्या वर्षी गॅसवर शिकायचं असेल तर जरूर शिका, ते सोपं आहे. फक्त बॉयलरखालची पेटी दोन्ही बर्नरना बसेल अशी मागून घ्या, आणि पायाखालच्या फळीखालची जागा दुसऱ्या कशाने भरू नका. रॉकेलची टाकी तिथेच बसते.