कॅनडा कॉर्नर ते खरा कॅनडा : बॉर्डरवाल्यांना चार स्टार, आमच्या एजंटला एक

तिकीट काढून देणाऱ्या एजंटचा व्हॉट्सॲपवर मेसेज आला, काका अनुभव कसा वाटला, फाइव्ह स्टार रिव्ह्यू द्या ना प्लीज. म्हटलं देतो. त्याच्या ऑफिसचं नाव मात्र इथे लिहीत नाही, नाशिक लहान आहे आणि पोरगा तसा स्वभावाने वाईट नाही.

एसटीत तीस वर्षं कंडक्टरकी केली मी. नाशिककराला कॅनडा म्हटलं की शरणपूर रोडवरचा कॅनडा कॉर्नर आणि सीबीएस म्हटलं की आपला सेंट्रल बस स्टँड. लेकीच्या बाळंतपणासाठी खऱ्या कॅनडाला जायचं ठरलं आणि तिथल्या बॉर्डरवर पासपोर्ट, सामान तपासणाऱ्या खात्याचं नाव निघालं सीबीएसए. बायको म्हणाली, अहो रिटायर झालात तरी सीबीएस काही सुटत नाही तुमचं.

आमचं विमान होतं १३ जून २०२४ चं, मुंबईहून लंडनमार्गे टोरांटो. लेकीची तारीख २० जूनच्या आसपासची. जूनच्या पहिल्या आठवड्यात एजंटचा फोन, काका कॅनडाची बॉर्डर बंद होतीये, संप आहे, एअरपोर्टवर उतरूच देणार नाहीत, दोघांचे मिळून चोवीस हजार भरा, जुलैची तारीख करून देतो, पण आज संध्याकाळपर्यंतच हां. बायकोने लगेच देवापुढे दिवा लावला आणि मला म्हणाली भरून टाका.

आता युनियनच्या माणसाला संप म्हटल्यावर पहिले तीन प्रश्न कुठले पडतात? नोटीस दिलीये का, कुठल्या तारखेची, आणि संपावर नक्की जाऊ कोण शकतो. मी तिन्ही विचारले. तर म्हणतो काका ते टेक्निकल असतं, तुम्ही नका त्यात पडू. तीस वर्षं आम्ही त्याच टेक्निकलमध्ये पडून होतो बाबा!

मग जावयाला फोन लावला, त्याने बातम्या वाचून दाखवल्या, दोन संध्याकाळी आमचं तेच चाललं होतं. तर भानगड अशी होती. तिथल्या बॉर्डरवरच्या नऊ हजारांपेक्षा जास्त लोकांची युनियन आहे, पब्लिक सर्व्हिस अलायन्स ऑफ कॅनडा आणि तिच्यातलीच कस्टम्स अँड इमिग्रेशन युनियन. ह्यांचा करार २०२२ च्या जूनमध्येच संपलेला, म्हणजे दोन वर्षं जुन्याच पगारावर ड्युटी. बोलणीच्या टेबलावर समोर मालक म्हणून सरकारचं ट्रेझरी बोर्ड. मागण्या काय तर बाकीच्या पोलीस खात्यांच्या बरोबरीने पगार, आणि २५ वर्षं सेवा झाली की पेन्शन न कापता निवृत्ती, कारण कमरेला पिस्तूल लावून हे लोक पोलिसांसारखंच काम करतात. संपाच्या मतदानाचा निकाल मे महिन्यात लागला तर ९६ टक्के लोक हो म्हणाले. ९६! आमच्याकडे द्वारसभेला चहा ठेवला तरी एवढी एकी दिसायची नाही.

आणि त्यांच्याकडे एकदम उठून संपावर जाता येत नाही. आधी बोलणी, बोलणी फिसकटली की एक त्रयस्थ आयोग दोन्हीकडचं ऐकून शिफारशी देतो, त्या पाळायचं बंधन कुणावरच नाही, मग मतदान, मग तारीख. हे मला आवडलं बुवा. कुणी कुठे अडलंय हे सगळ्यांना कळतं. आमच्या एसटीचा विलीनीकरणाचा संप आठवतो ना, २०२१ च्या दिवाळीत पेटला आणि २०२२ च्या एप्रिलपर्यंत चालला, शेवटी हायकोर्टाने २२ एप्रिलपर्यंत कामावर हजर व्हा म्हणून सांगितलं. मी तेव्हा रिटायर झालेलो, पण बरोबरच्यांची घरं बघितलीत मी त्या पाच महिन्यांत.

मुद्दा वेगळाच होता जो एजंटला माहीतच नव्हता. बॉर्डरच्या खिडकीवर बसणाऱ्यांपैकी नव्वद टक्के लोक तिथे अत्यावश्यक म्हणून धरलेले असतात, त्यांना संप करताच येत नाही. आपल्याकडे मेस्मा लावतात तसं समजा, फक्त त्यांचं आधीपासून ठरलेलं असतं. म्हणजे बॉर्डर बंद होणारच नव्हती. फार तर काय झालं असतं, नियमाने काम.

नियमाने काम म्हणजे काय हे ज्याने केलंय त्यालाच कळतं. एका डेपोला असताना आम्ही एकदा केलं होतं. संप नाही, घोषणा नाही, सगळे हजर. फक्त ड्रायव्हरने गाडी घ्यायच्या आधी टायर, वायपर, ब्रेक, फर्स्ट एडची पेटी सगळं बघायचं, एक गोष्ट कमी असली तर गाडी हलवायची नाही. आणि कंडक्टरने स्टँडवरच शेवटचं तिकीट काढल्याशिवाय डबल बेल द्यायची नाही. एरवी आम्ही चालत्या गाडीत तिकिटं काढायचो, सुट्ट्या पैशांचं नंतर बघू म्हणायचो, हिशोब वेबिलवर पुढच्या थांब्यावर मांडायचो, म्हणून गाड्या वेळेत जायच्या. त्या दिवशी दुपारपर्यंत अर्ध्या फेऱ्या कोलमडल्या आणि साहेब हात जोडून म्हणाले, मास्तर, नियम थोडा बाजूला ठेवा. ह्याच साहेबांनी आम्हाला नियमावरून मेमो दिलेले!

बॉर्डरवाल्यांनी २०२१ च्या ऑगस्टमध्ये नेमकं हेच केलं होतं. लस घेतलेल्या अमेरिकन लोकांसाठी ९ तारखेला बॉर्डर उघडायची होती आणि ह्यांनी ६ तारखेला सकाळी सहापासून पुस्तकात आहे तेवढा प्रत्येक प्रश्न प्रत्येक गाडीला विचारायला सुरुवात केली. लांबच्या लांब रांगा. त्याच दिवशी करार झाला. टायमिंग बघा, पंढरपूरच्या यात्रेच्या तोंडावर एसटीने नोटीस द्यावी तसं.

गोल्फ क्लबच्या मैदानावर सकाळी आमची रिटायर लोकांची बैठक असते तिथे मी हे सगळं मांडलं. अर्धे म्हणाले पैसे भरून मोकळा हो, अर्धे म्हणाले नियमाने काम असेल तर काय, दोन-तीन तास रांगेत जातील, कुंभमेळ्यात नाही का उभे राहत. मी नाही भरले. बायको दोन दिवस माझ्याशी बोलली नाही, म्हणजे भाजीत मीठ किती एवढंच विचारायची.

आधी ७ जूनची डेडलाइन होती, ती पुढे गेली, बोलणी चालूच. आणि ११ जूनला करार झाल्याची बातमी, आपल्याकडे १२ ला सकाळी चहाच्या वेळेला जावयाचा फोन. चार वर्षांत १४.८ टक्के वाढ. बायकोने एजंटला नाही पण मला मात्र एक लाडू जास्त दिला.

आता खऱ्या सर्व्हिसचा रिव्ह्यू. कसारा घाट, भिवंडीचा जाम, मुंबई, लंडन करत टोरांटोला उतरलो तेव्हा पाय सुजलेले. आधी मशीनवर पासपोर्ट ठेवायचा, फोटो निघतो, प्रश्न येतात, खायचं काही आणलंय का वगैरे. इथे खोटं बोलू नका, मी सरळ हो केलं कारण पिशवीत कोंडाजीचा चिवडा, घरचं लोणचं आणि गोडा मसाला. मग खिडकीवर एक बाई, आमच्या मुलीपेक्षा थोडी मोठी. कुणाकडे, किती दिवस, परतीचं तिकीट कुठाय, चिवडा म्हणजे काय. मी म्हटलं राइस फ्लेक्स, फ्राय, स्पायसी. हसली. मला राहवलं नाही, लेकीने बजावून सांगितलेलं की जास्त बोलू नका, तरी मी म्हटलं, काँग्रॅच्युलेशन फॉर युअर ॲग्रीमेंट. बाईने मान वर करून माझ्याकडे नीट बघितलं. तोपर्यंत ती फक्त पासपोर्ट बघत होती. मग इंग्रजीतच म्हणाली, थँक यू, पण अजून आमचं मतदान व्हायचंय. आणि ठप्पा.

खरंय की. नेत्यांनी सही केली म्हणजे झालं नाही, सभासदांनी हो म्हटलं तरच करार पक्का. आपल्याकडे संप मागे घेतल्याचं आम्हाला कधी कधी टीव्हीवरूनच कळायचं.

चार स्टार देतोय. एक हातचा ठेवलाय कारण पेन्शनची ती २५ वर्षांची मागणी नुसत्या पगारवाढीने भागत नाही, आणि ईपीएस-९५ म्हणजे पीएफवाल्यांच्या पेन्शनवर जगणाऱ्या माणसाला पेन्शनवरच्या लढाईत जरा जास्तच रस असतो. शिवाय करार २०२२ पासून चार वर्षांचा, म्हणजे जून २०२६ पर्यंतच. त्यानंतर जाणाऱ्यांनी बातम्या बघत जा, आणि कुणी बॉर्डर बंद म्हणालं तर वरचे तीन प्रश्न विचारा.

एजंटला एक स्टार. तिकिटं बरोबर दिली, सीट जवळजवळ दिल्या, म्हणून तो एक. पण त्याच आठवड्यात सिडकोतल्या एका जोडप्याने त्याच्याच सांगण्यावरून पैसे भरून जुलैची तारीख घेतली. त्यांची नात १९ जूनला झाली. आजीने तिला पहिल्यांदा मांडीवर घेतलं तेव्हा ती महिन्याची होत आली होती.