ओपन कॅव्हिटी हीलियम-निऑन किट : ट्यूब मस्त, माउंटने रडवलं

दोन महिने हे हीलियम-निऑन लेसरचं ओपन कॅव्हिटी किट (म्हणजे आरसे ट्यूबबाहेर, आपणच जुळवायचे) वापरतोय, म्हणून लिहितोय. ट्यूबच्या दोन्ही टोकांना ब्रूस्टर खिडक्या (ठरावीक कोनात तिरप्या बसवलेल्या काचा), आरसे बाहेर वेगळ्या माउंटवर, एक सपाट आणि दुसऱ्या बाजूला १ मीटर किंवा ६० सेंमी त्रिज्येचा अंतर्वक्र, हवा तो लावा. ६३२.८ नॅनोमीटरचा लाल बीम, पोलराइज्ड (प्रकाशाची कंपनं एकाच दिशेत). ट्यूब आणि आरशांचं कोटिंग खरंच उत्तम आहे, त्याबद्दल काही तक्रार नाही.

तक्रार माउंटची आहे. या लेसरचा गेन (ट्यूबमधून जाताना प्रकाशात होणारी वाढ) एका फेरीत जेमतेम काही टक्के, त्यामुळे आरसा जरासा तिरपा झाला तरी बोंब. हिशोब करून बघा, आरशांमधलं अंतर ४० सेंमी आणि अंतर्वक्र आरसा १ मीटरचा असेल तर सपाट आरसा १ मिलिरेडियन (साधारण ०.०६ अंश) कलला की मोडचा अक्ष (आरशांमध्ये बीम ज्या रेषेवर टिकतो ती) अंतर्वक्र आरशावर १ मिमी आणि सपाटावर ०.६ मिमी सरकतो, आणि ट्यूबचं भोकच मिलिमीटरभर! बीम भिंतीला घासतो, लेसर बंद. माउंटच्या स्क्रूचा पिच (एका फेऱ्यात स्क्रू पुढे सरकतो ते अंतर) ०.२५ मिमी, पिव्होटपासून (आरसा ज्या बिंदूभोवती कलतो तिथून) अंतर ५० मिमी, म्हणजे अख्ख्या फेऱ्याला ५ मिलिरेडियन, पाव फेरा चुकला की खेळ खलास. तरी स्क्रू बारीक आहेत, फिरवायला मऊ आहेत, इथपर्यंत ठीक. पण लॉक नट (स्क्रू जागेवर पक्का करणारा) आवळला की आरसा हलतो!! मीटरवर १.१ मिलिवॅट आणून ठेवतो आणि नट आवळला की ०.७. सुरुवातीला पॉवर हळूच पडते, मग एकदम कोसळते, कारण लॉस (वाया जाणारा प्रकाश) कलण्याच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. शेवटी मी नट अर्धवटच आवळून ठेवतो, आणि टेबलाला धक्का लागला की पुन्हा पहिल्यापासून.

६० सेंमीचा आरसा लावला तर मात्र जीव भांड्यात पडतो, तेवढ्याच कलण्याला सरक ०.६ आणि ०.२ मिमीच. नवीन मुलांना आधी हाच द्या. दोन्ही आरसे सपाट लावायचा नाद तर नकोच, ते सगळ्यात नाजूक.

मॅन्युअल फारच त्रोटक. माझी पद्धत अशी, दुसऱ्या लेसरचा बीम ट्यूबमधून आरपार काढायचा, आरशावरून परत आलेला ठिपका त्याच वाटेने मागे पाठवायचा, मग एक स्क्रू भराभर मागेपुढे हलवत दुसरा हळूहळू फिरवायचा, मध्येच लाल चमक दिसते. ती दिसली की थांबायचं आणि मग दोन्ही आरसे आळीपाळीने, मीटर बघत. आणि डोळा बीमच्या रेषेत कधीच नको, संरेखनाचा, म्हणजे आरसे जुळवायला वापरलेला, दुसरा लेसर सुरू असताना तर अजिबात नाही.

पाचपैकी साडेतीन. कंपनीला मेलवर लॉक नटचं कळवलंय, माउंट बदलून दिलं तर इथे अपडेट टाकतो.